सुमती, तुझे डोळे लाल होते

तुला शेवटची लघवी कधी झाली, असं डॉक्टरणीने मला विचारलं आणि मला सांगता आलं नाही. तू स्ट्रेचरवर आडवी होतीस. डोळ्यांतलं पांढरं पिवळं झालं होतं. खोकलीस तेव्हा पदराला रक्त लागलं. मी एका हाताने सलाइनचा स्टँड धरून वॉर्डाच्या दारात उभी होते, कारण मीही तिथलीच पेशंट होते. डॉक्टरीण म्हणाली, "काकी, आठवा जरा. काल झाली होती? परवा?" मी म्हटलं, "मी हंयच होतंय गो. माका काय म्हायत?" तू मान वळवून माझ्याकडे बघितलंस. ओठ हलले. आवाज आला नाही. मग तुला गाडीत घालून गोव्याला नेलं आणि मला परत माझ्या खाटेवर आणून झोपवलं.

तिसऱ्या दिवशी तू गेलीस. तुला अग्नी दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी मला घरी सोडलं. म्हणजे तुझ्या तोंडात पाणी घालायलाही मी नव्हते.

तुझ्या महेशने कार्डं छापली. त्यात लिहिलंय, "अल्पशा आजाराने निधन." मी त्याला म्हटलं, अल्पसा कसला? तो म्हणाला, काकी, असंच लिहितात. लिहू देत. पण बाराव्यानंतर मुंबईला जाताना तो म्हणाला, आपल्या गावच्या मंडळाचा अंक निघतो गणपतीला, त्यात आईवर तू लिही, तुझ्याइतकं कोण ओळखतं तिला. मी चौथी शिकलेली. तू दहावीपर्यंत गेलेली होतीस, माझ्यावर लिहायची पाळी तुझ्यावर यायला हवी होती, कारण मी तुझी थोरली जाऊ, तुझ्याहून नऊ वर्षांनी मोठी आहे. पण आता लिहायचंच आहे, तर जे महेशला सांगितलं नाही तेच लिहीन. बाकीचं त्याला माहीत आहे.

त्या आजाराला नाव आहे. लेप्टो. पूर्ण नाव लांबलचक आहे, ते माझ्या तोंडात बसत नाही. उंदीर शेतात मुततो, गुरंही मुततात, ते भाताच्या खाचरात, आपल्या कुणग्यातल्या पाण्यात मिसळतं आणि पायाला जखम असेल तर तिच्यातून आत शिरतं. आपल्या पायांना लावणीत जखमा नसतात कधी? बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होत्याच. तू हळद-तेल लावायचीस, मी मेंदी. कुणाचं औषध चांगलं यावर आपण दर वर्षी भांडलो. यंदा दोघींच्याही चिखल्या बऱ्या झाल्या नाहीत आणि दोघीही त्याच पाण्यात उतरलो. महेशने पाठवलेले गमबूट पडवीत खुंटीला होते. "बूट घालून लावणी? एक पाय काढूक गेलंय तर दुसरो रुततलो. आणि शेतात पायताण कोण घालता?" हे तू म्हणालीस. मी नुसती हसले. म्हणजे मीही तेच म्हणाले.

गोळीचंही तसंच. गावची आशाताई अस्मिता दर सोमवारी येऊन एकेक कॅप्सूल द्यायची, आठवड्याला एक, लावणी संपेपर्यंत. जेवून घ्यायची, हे ती दर वेळी सांगायची. तुझा सोमवार. तू पहिली कॅप्सूल नुसत्या चहावर घेतलीस आणि परसात जाऊन ओकलीस. मंगळवारी जेवून घेतली असतीस तर चाललं असतं, पण सोमवारी दिलेलं औषध सोमवारचंच, असं काहीतरी तुझ्या डोक्यात बसलं. पुढच्या गोळ्या तू डब्यात टाकल्यास. तुझ्या पाहून मीही टाकल्या. अस्मिताने विचारलं की आपण दोघी एका सुरात, "घेतलंव गो बाय." ती वहीत टिक करायची. तिचा दोष नाही. तोंड उघडून बघायला आपण काय लहान होतो?

खरं तर लावणी करायचीच नाही, असं मी चैत्रापासून म्हणत होते. वाडीत सात घरं, त्यातली पाच कुलपात. सगळ्यांची शेतं पड. आपण दोन म्हाताऱ्या चार कुणगे लावणार आणि खाणार कोण? रेशनवर तांदूळ मिळतो. तू म्हणालीस, "रेशनच्या तांदळाची पेज घशाखाली जाता काय तुका?" मी म्हटलं, जाते. तू म्हणालीस, "तुझ्या जाता. तुझ्या घशाखाली कायव जाता." त्यावर मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तू नांगरणीला ट्रॅक्टर सांगून आलीस. हे भांडण आपलं राहिलंच. मी बरोबर होते हे आता सिद्ध झालं, आणि ऐकायला तू नाहीस.

मला ताप आधी आला. बुधवारी दुपारी कुणग्यातच हुडहुडी भरली. डोकं फुटेल असं दुखायला लागलं, आणि पोटऱ्या तर कुणी पिळून काढल्यासारख्या. मी म्हटलं, "पोटऱ्यो दुखतत गो." तू वाकलेलीच होतीस, वर न बघता म्हणालीस, "माझे पण दुखतत. लावणी केल्यार दुखतले नाय तर काय नाचतले?" लावणीला आलेल्या बाया हसल्या. मीही हसले असेन. आपल्याकडे लावणीत सगळ्यांचंच अंग मोडतं, सगळ्यांनाच कसर येते, गरम पेज प्यायची आणि घोंगडी घेऊन पडायचं. लावणीचा ताप, असं आपण त्याला नाव देऊन ठेवलंय. नाव दिलं की वाटतं ओळख झाली.

दुसऱ्या कुणाला असं झालं असतं तर तू ओळखलं असतंस. हे मी तुझं कौतुक म्हणून लिहीत नाही, जे होतं ते लिहिते. लोक तुला अर्धी डॉक्टरीण म्हणायचे, काही चिडवायला, काही खरंच. तू माणसाची पापणी ओढून बघायचीस, नखं बघायचीस, जीभ काढायला लावायचीस. अस्मिताची आई दिवसभर झोपायची, अंगाने सुजली होती, आवाज घोगरा झालेला, वैशाखात चादर घेऊन बसायची. सगळे म्हणायचे आळशी झाली, सुनेवर काम टाकते. तू म्हणालीस, हिच्या गळ्याचं काहीतरी आहे, रक्त तपासा. थायरॉइड निघाला. आता रोज एक गोळी घेते आणि सुनेशी तावातावाने भांडते.

माझ्या नवऱ्याला लकवा झाला त्या दिवशीही तूच. सकाळी चहाची बशी त्याच्या हातातून पडली. सासू होती तेव्हा, ती म्हणाली कसला तरी वारा लागला, देवळात जाऊन कौल घ्या. मी देवळात जायला निघालेही होते. तू आपल्या भावोजींच्या समोर उभी राहून म्हणालीस, "भावजी, हसा बघूया." त्याचं तोंड एका बाजूलाच हसलं. तू सासूला काय बोललीस ते इथे लिहीत नाही. टेम्पो थांबवलास आणि त्याला घालून नेलंस. तो त्यानंतर सहा वर्षं जगला. काठी घेऊन का होईना, स्वतःच्या पायाने परसात गेला. ती सहा वर्षं तुझी होती, मी तुला कधी तसं म्हटलं नाही.

आणि माझी साखर. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "वयनी, तू न्हाणयेत जातंस थंय मुंग्ये लागतत." मला असा राग आला. मी म्हटलं, तू माझी न्हाणी बघत बसतेस काय? महिनाभर मी तुझ्याशी बोलले नाही, पेजेचा टोप सरकवून द्यायचे नुसती. मग चक्कर येऊन पडले तेव्हा तपासलं, साखर तीनशेच्या वर. तू दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी बसून पोट धरून हसत होतीस. "मुंग्यांका आधी कळला, तुका मागसून." मीही हसले. पण तुझं बरोबर होतं असं म्हणाले नाही. तेही राहिलं.

तर अशी तू. सगळ्या गावाचे डोळे बघणारी.

शुक्रवारी मला उभंच राहता येईना, तेव्हा अस्मिताने रिक्षा बोलावली आणि तू मला तालुक्याच्या दवाखान्यात आणलंस. डॉक्टरीण तरुण होती, तिने काही न विचारता पहिली माझी पोटरी दाबली. मी एवढ्या जोरात ओरडले की बाहेरचे लोक आत डोकावले. "शेतात उतरता ना काकी? पायाला जखम आहे?" तिने पाय बघितले, डोळे बघितले, रक्त काढलं, आणि रिपोर्टची वाट न बघता इंजेक्शन सुरू केलं. म्हणाली, हा ताप थांबून बघायचा नसतो. मग तिने विचारलं, "घरात आणखी कुणाला ताप आहे?"

तू माझ्या मागे उभी होतीस. तुझा हात माझ्या खांद्यावर होता. तो हात तापलेला होता.

मी म्हटलं, नाही.

तिने तुझ्याकडे बघितलं. "तुमचे डोळे लाल कशाने?" तू म्हणालीस, "चुलीचा धूर लागला हो डॉक्टर. पावसात लाकडं ओली असतात, त्यामुळे." खोटं बोलायचं असलं की तू नेहमी पुस्तकातली मराठी काढायचीस. आपल्याकडे गॅस आहे. तीन पावसाळे झाले, चूल पेटलेली नाही, तिच्यावर मांजर झोपतं. तरी डॉक्टरीण म्हणाली, रक्त देऊन या, खाली खोली आहे. तू गेलीस आणि चार केळी घेऊन वर आलीस. "थंय गर्दी आसा. मगे बघतंय."

माझ्या खाटेसमोरच्या भिंतीवर या तापाचा मोठा कागद लावला होता, चित्रांचा. मी पडल्या पडल्या एकेक अक्षर लावत तो वाचला. थंडी वाजून ताप. डोकेदुखी. पोटऱ्या व कंबर दुखणे. डोळे लाल होणे. पुढे कावीळ, लघवी कमी होणे. मला वाचायला वेळ लागतो, पण वेळ होता. तू खाटेच्या कडेला बसून केळं सोलत होतीस, तुझी पाठ त्या कागदाकडे. मी कागद वाचायचे आणि तुझ्या डोळ्यांकडे बघायचे. परत वाचायचे. तुझ्या डोळ्यांना ना पाणी होतं, ना चीक. नुसते लाल. मला वाचता येत नव्हतं, असं मला म्हणता येणार नाही.

मी तुला म्हटलं, हे खरं. "तापलंस तू. डॉक्टरणीक सांगतंय." तू म्हणालीस, "गप रव. तरवो काढून ठेवलो हा, एक कुणगो रवलो हा, रविवारी माणसां येतली. दोघीय पडलंव तर लावतला कोण?" आपल्यात असंच असतं, आज आपण त्यांच्यात लावायचं, उद्या त्यांनी आपल्यात. पाळी चुकली तर पुन्हा माणसं मिळत नाहीत, आणि काढलेली तरव्याची रोपं बांधावर कुसतात. हे कारण तुझं होतं. ते मला पटलं नव्हतं. मला तर तो कुणगा पड राहिला असता तरी चाललं असतं.

मी गप्प राहिले ते वेगळ्या कारणाने. ते आता लिहिते. तुला पण ताप आहे असं मी सांगितलं असतं, तर तुला दुसऱ्या खाटेवर घातलं असतं, कदाचित दुसऱ्या वॉर्डात. मग माझ्याजवळ कोण बसलं असतं? मुलगी माझी सावंतवाडीला, तिची सासू अंथरुणाला खिळलेली, तिला यायला दोन दिवस लागणार होते. मला त्या दवाखान्यात एकटीने पडायची भीती वाटली. एवढंच. शेत नाही, माणसं नाहीत, तरवा नाही. तू माझी वेणी घातलीस, मला पेज भरवलीस, संडासला धरून नेलंस. तुझा हात भाजत होता आणि मला तो हवा होता.

शनिवारी सकाळी तुझा ताप उतरला. तू खूश. "बघ, गेलो ताप. लावणीचोच होतो." डॉक्टरीण मला नंतर म्हणाली, हा ताप असाच फसवतो. मध्ये एक-दोन दिवस उतरतो, माणसाला वाटतं सुटलो, आणि तेवढ्यात तो आत मूत्रपिंडात आणि छातीत जाऊन बसतो. तेव्हा मला हे माहीत नव्हतं. कागदावर तेवढं लिहिलेलं नव्हतं. तू म्हणालीस, घरी जाऊन रविवारी लावणी उरकते आणि सोमवारी येते. मी म्हटलं, जा. तेवढ्यात माझी मुलगी येणार असा निरोप आला होता. तेव्हा मला "जा" म्हणणं सोपं गेलं. हेही लिहायलाच हवं.

तू लावलास तो कुणगा. बाया सांगत होत्या, उभं राहवत नव्हतं तुला, मधेच बांधावर बसायचीस, तरी शेवटची रांग तूच लावलीस. सोमवारी अस्मिता गोळी द्यायला आली तर तू पडवीत भिंतीला टेकून बसलेली आणि पिवळी. तिने तिथूनच गाडीला फोन केला. तिला तू म्हणालीस, "वयनीक सांगू नको, ती घाबारतली."

मी नंतर डॉक्टरणीला विचारलं, तीन दिवस आधी इंजेक्शन मिळालं असतं तर? ती कागदांकडे बघत म्हणाली, "काकी, तसं सांगता येत नाही." येतं सांगता. तिला सांगायचं नव्हतं. चांगली मुलगी आहे.

आता इथे कसं आहे ते तुला सांगते. बाराव्याला घर भरलेलं होतं, तेराव्याला सगळे गेले. मुलगी आणखी आठ दिवस राहिली, तिला मीच पाठवली. तुझ्या बाजूची खोली मी उघडत नाही, पण कडीही लावत नाही. टीव्ही लावला तरी तू बाजूने बडबडत नसलीस तर त्या मालिकेतल्या बाया काय बोलतात तेच मला कळत नाही. परवा दिवसभरात मी एक शब्द बोलले नाही. संध्याकाळी मांजराला हाक मारली तर घोगरा आवाज आला, मीच दचकले. पूर्वी एकमेकींशी बोलायचं नाही असं ठरवून आपण गप्प बसायचो, त्यातही केवढा आवाज असायचा घरात. तू भांडी आपटायचीस.

कुणगे हिरवे झालेत. तू लावलेला जरा मागे आहे. कापणीला माणसं सांगायची की नाही, हे मी ठरवलेलं नाही. तू असतीस तर एव्हाना सांगून आली असतीस आणि मग मला कळवलं असतंस.

अस्मिता अजून सोमवारी येते. तिला मी डबा काढून दाखवला, सगळ्या गोळ्या, तुझ्या आणि माझ्या. ती पडवीत बसून रडली. मी म्हटलं, रडू नको, आता दुसऱ्यांकडे जाशील तेव्हा तिथे पाणी माग आणि समोर गिळायला लाव. कुणी जेवलेलं नसेल तर जेवेपर्यंत बस. म्हाताऱ्या खोटं बोलतात.

आणि महेश. जाताना तो माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "काकी, तू तरी वाचलंस. आता तूच माझी आवस." मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आई म्हणाला तो मला. तो रोज एकदा फोन करतो, औषध घेतलंस काय विचारतो. दिवसातलं माझं बोलणं होतं ते तेवढंच. तू ज्या दिवशी वाचू शकली असतीस त्या दिवशी मी गप्प बसले, हे त्याला माहीत नाही. अंक आला की कळेल. मग त्याचा फोन येईल की नाही, गणपतीला तो येईल की कुलूप आणखी एका दाराला लागेल, मला ठाऊक नाही. त्याला राग आला तर तो खरा आहे. मी त्याला समजावणार नाही.

तू मला काय बोलली असतीस तेही मला ठाऊक नाही. स्ट्रेचरवर तुझे ओठ हलले तेव्हा तू काय म्हणालीस, हा विचार मी सोडून दिला आहे. शिव्या असतील तर त्या मला लागू होत्या. दुसरं काही असेल तर ते ऐकायची माझी लायकी नव्हती.

एकाच पाण्यात उभ्या होतो. ताप दोघींना आला. एकीने दुसरीचा ताप ओळखला आणि सांगितला नाही. तू छप्पन्न वर्षांची होतीस. मी पासष्ट वर्षांची आहे, आणि मी जिवंत आहे.